राखेखालच्या बांध्या

सानगडीत परतल्यावर ज्याने त्याने विमानाचंच विचारलं. खिडकीतून काय दिसलं, खायला काय दिलं, कलाकाकू घाबरली का. कलाकाकू घाबरली नाही. विमान हललं तेव्हा तिने डोळे मिटले आणि ते टेकल्यावर उघडले. मधल्या वेळात आपण झोपलो होतो असं ती सांगते, आणि तिच्या बोटांनी माझ्या मनगटावर उठलेले वळ मी कोणाला दाखवले नाहीत. विमानाबद्दल माझ्याकडे एवढंच आहे. सांगण्यासारखं जे झालं ते विमान उडालं नाही म्हणून झालं.

मुळात मी या प्रवासात असायचं काही कारण नव्हतं. वनमालामामी भंडारा जिल्ह्यातल्या सानगडी गावात धान पिकवते, आणि गावतलावाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या मंडळात बसणारी ती पहिली बाई. धानशेतीवर काम करणाऱ्या एका संस्थेने तिला आणि तिच्या शेजारच्या कलाकाकूला बालीला पाठवायचं ठरवलं. तिकडच्या एका गावात सगळे शेतकरी मिळून एकाच पाटाचं पाणी वाटून घेतात, ते बघायला. सोबत इंग्रजी येणारं कोणीतरी हवं होतं. मी भंडाऱ्यात इंग्रजी शाळेत शिकले, आता नागपुरात एका ऑफिसात काम करते. मामीने फोन करून मला विचारलं नाही, सांगितलं.

इंग्रजी मला येतं. बोलायची वेळ आली की मी मागे सरते, मग भाषा कोणतीही असो. नागपूरच्या विमानतळावर रांगेत उभं असताना कलाकाकूने हे ताडलं. तिची साठी उलटली आहे आणि समोरच्याला ऐकू जाईल याची तिला कधीच काळजी नसते. "काय वं वनमाला," ती म्हणाली, "पोरगी इंग्रजी बोलते म्हणत होती तू. अजून मराठीतच चार शबद नाही बोलली."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेची चेन उघडून बंद केली.

डोंगराखालचं गाव

आमचा मुक्काम केतुतबाईंकडे होता. केतुत म्हणजे तिकडे चौथं अपत्य. मुलगा असो की मुलगी, नाव तेच. 'बाई' आम्ही जोडलं. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघतात. त्यांची मुलगी कादेक साधारण माझ्या वयाची, शहरातल्या हॉटेलात रिसेप्शनवर असते आणि आमच्यासाठी रजा घेऊन आली होती. मामी आमच्याकडच्या झाडीबोलीत बोलायची, मी ते इंग्रजीत करायची, कादेक तिच्या भाषेत, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. वाटेत विनोद मरत. भांडण मात्र शाबूत पोचायचं.

पहिल्याच जेवणात कलाकाकूचं समाधान झालं. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. "भात खाणारे हायेत, मंग आपलेच लोक हायेत," तिने जाहीर केलं. मिरचीच्या चटणीत सुक्या झिंग्यांचा वास आला तेव्हा तर तिने आपल्या पिशवीतून घरून आणलेली झिंग्यांची चटणी काढून शेजारी ठेवली. केतुतबाईंनी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणखी घेतली. काकूनेच आणलेले लाखोळीच्या डाळीचे वडे मात्र त्यांना कोरडे वाटले. त्यांनी तसं सांगितलं नाही, पण चहात बुडवून खाल्ले.

रोज सकाळी त्या नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं आणि चिमूटभर भात घालून घरभर ठेवत फिरायच्या. देवळीत, उंबऱ्यावर, चुलीजवळ, पाण्याच्या मोटारीवर आणि कादेकच्या स्कूटरवरसुद्धा. मामीला ते फार आवडलं. आपण फक्त देवाला नैवेद्य दाखवतो, ती म्हणाली, आणि मोटार जळली की मोटारीला शिव्या देतो.

शेतं घरामागून उतरत जात. आमच्याकडे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात. तिकडे उतारावर पायऱ्यांसारख्या बांध्या आहेत, वरचीचं पाणी खालचीत, खालचीचं तिच्या खालचीत. सर्वांत वरची न्योमानकाकांची, मग आणखी काहीजणांच्या, आणि अगदी तळाशी केतुतबाईंची. मामी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवी बसून पाणी कुठून शिरतं, कुठून निघतं ते बघत राहिली. आपल्याकडे तलावाच्या तुडुमाजवळ, पाणी सुटतं त्या तोंडाशी, ज्याची जमीन त्याचा आवाज मोठा, तिने सांगितलं. इथे शेवटच्या शेतकऱ्याचं मत पहिलं घेतात असं कादेक म्हणाली. मामीने मला ते दोनदा विचारायला लावलं. तिची स्वतःची बांधी सानगडीत पाटाच्या शेपटाला आहे.

केतुतबाईंच्या बांधीत लाल तांदूळ होता. जुन्या जातीचा, उंच वाढणारा, उशिरा येणारा. आसपास आता तो कोणी लावत नाही, पण कापणीनंतर पाण्याच्या देवळात पहिला भात त्याचाच लागतो. आमच्या येण्याच्या थोडं आधी त्यांनी रोपांची रोवणी केली होती, आणि यंदा जवळ होतं नव्हतं ते सगळं बियाणं त्यात गेलं होतं. मागच्या हंगामात उंदरांनी कोठार फोडलं होतं. ही बांधी आली तर बियाणं राहील, नाही तर त्यांच्या सासूच्या सासूपासून आलेलं धान त्यांच्या हातून संपणार, हे त्यांनी आम्हाला भाताची कढई घासता घासता सांगितलं, जसं आपण पावसाबद्दल बोलतो तसं.

घरामागे डोंगर होता. पहिल्या दिवसापासून त्याच्या माथ्यावर चुलीसारखा धूर दिसायचा. गावात त्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे.

राख

ज्या दिवशी निघायचं होतं त्या सकाळी कोंबडे आरवले नाहीत. उजेड पडला, पण मळकट. पत्र्यावर सतत बारीक सरसर चालली होती, सुपातून कोंडा पडावा तशी. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत असतो तसा वास होता. मी दार उघडलं तर अंगण, केळी, स्कूटर, कालचे द्रोण, सगळं एकाच करड्या रंगाचं झालं होतं.

कलाकाकू आधीच उठली होती. अंगण घाण दिसलं की तिचे हात थांबत नाहीत. तिने बादली भरली आणि आपल्याकडे घालतात तसा सडा घातला, सढळ हाताने, पार फाटकापर्यंत. धूळ बसेल, मग झाडून घेऊ, हा तिचा हिशेब. राखेचा चिखल झाला, चिखल नालीत गेला, आणि दुपारपर्यंत अंगणाला सिमेंटसारखा गिलावा बसला. नाली तर खुरप्याने खणावी लागली. शेजारीण भिंतीवरून डोकावून हसली आणि तिने कोरड्या झाडूने हळूहळू राख पोत्यात कशी भरायची ते दाखवलं.

काकू खजील झाली. खजील झाली की ती जास्त काम करते. भांड्यांचा ढीग पुढ्यात ओढून तिने एक मूठ राख घेतली. राखेने भांडी घासण्यात तिचा हात कोण धरणार. तिसऱ्या ताटाला मामीने तिचा हात धरला. स्टीलच्या ताटांवर वाघाने ओरबाडल्यासारख्या रेघा उमटल्या होत्या आणि काकूच्या बोटांची सालं निघाली होती. त्याच वेळी मी माझा चष्मा ओढणीने पुसला होता. अजूनही मी जग काचेवर उठलेल्या चऱ्यांमधूनच बघते. नवी काच बसवायला वेळ झालेला नाही.

कादेकने समजावलं. ही लाकडाची, गोवरीची राख नव्हे. यात काही जळलेलं नाही. डोंगराच्या पोटातला वितळलेला दगड फुटून त्याची भुकटी झाली आहे, तिच्यात काचेचे कण आहेत. विमानाच्या इंजिनात ती शिरली तर आतल्या धगीने पुन्हा वितळते आणि पात्यांवर जाऊन बसते. मग इंजिन बंद पडू शकतं. समोरची काच खरवडून पांढरी होते, वैमानिकाला दिसत नाही. शिवाय हा ढग रडारवर पावसाच्या ढगासारखा दिसत नाही, म्हणून वारा ज्या बाजूला नेईल तिकडची सगळी उड्डाणं बंद ठेवतात.

मी हे मराठीत सांगितलं. एवढं सलग मी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. काकूने ताट उचलून उजेडात धरलं. "ताटाचं असं झालं," ती म्हणाली, "तं त्या मशीनीचं काय होईन."

त्यानंतर विमान रद्द झाल्याबद्दल आमच्यात कुणीही तक्रार केली नाही. शहरातून कादेकला फोन येत होते, की विमानतळावर लोक खिडक्यांवर मुठी आपटताहेत, फरशीवर झोपले आहेत, हॉटेलात खोली नाही. आम्हाला निदान जेवायला भात होता. गावात शाळा बंद झाल्या. लोक नाकाला फडकी बांधून छपरांवर चढले, कारण राख भिजली तर कौलं वजनाने खाली येतात. पाण्याच्या टाक्यांवर चादरी बांधल्या. दुचाक्या वळणावर घसरत होत्या. गाईंना धुतलेला चारा द्यावा लागत होता. आणि केतुतबाई द्रोण ठेवत राहिल्या, फक्त आता प्रत्येकावर एक पान उपडं घालत.

शेताकडे त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. आम्हीही मागून गेलो. लाल धानाची कोवळी पाती राखेने वाकून पाण्याला टेकली होती. रात्रीच्या दंवाने राखेची खपली धरली होती. केतुतबाईंनी एक पात बोटांत धरून पुसली तर पातच फाटली. पाऊस आला तर धुऊन जाईल, त्या म्हणाल्या. पण त्यांचे ते कोरडे महिने होते, हे त्यांनाही माहीत होतं.

धुऱ्यावर

आमच्याकडे धानावर अळी आली की बांधीत पाणी धरतात, दोघं दोन धुऱ्यांवर उभे राहून पिकावरून दोर ओढतात, अळी पाण्यात पडते, मग पाणी काढून देतात. हे काही कुणाचं गुपित नाही, सानगडीत सगळेच करतात. अळीच्या जागी राख धरून बघू, असं मामीला वाटलं. नारळाचा दोर मिळाला. एका कोपऱ्यात ओढून पाहिला तर पात्यांच्या शेंड्यांच्या चिंध्या झाल्या. दगडाची भुकटी आणि काथ्या, दोन्ही मिळून कानस झाली होती.

काकू घरात गेली आणि तिचं दुसरं लुगडं घेऊन आली. नऊवारी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तिने आणि मामीने त्याला पीळ घातला, भिजवलं, आणि पाणी शेंड्यांपर्यंत चढवून तोच कोपरा पुन्हा ओढला. रोपं पाण्याखाली गेली, वर आली, आणि वर येताना हिरवी होती. एकही उपटलं नव्हतं. केतुतबाईंनी तोंडावर हात ठेवला.

पण मामी वर बघत होती. केतुतबाईंची बांधी तळाशी. आज ती धुतली आणि उद्या वरच्यांनी आपापल्या धुतल्या, तर सगळ्या डोंगरउताराची राख हिच्यातच येऊन बसणार. धुवायची तर वरून सुरुवात, आणि हिची शेवटी. तोवर खपली आणखी घट्ट होणार. आणि वरच्या बांधीचे मालक न्योमानकाका परक्या बायकांच्या हाती आपलं शेत द्यायला तयार नव्हते. पाणी सोडायची त्यांची पाळी होती, ती त्यांना पिकासाठी राखायची होती. रोपं उपटली तर, त्यांनी विचारलं, कोण जबाबदार?

मी ते मामीला सांगितलं. मामीने पदर खोचला.

"त्याले सांग, उपटली तं मी रोवून देईन. एक एक."

मी इंग्रजीत सांगितलं, कादेकने तिच्या भाषेत. न्योमानकाका मामीच्या पायांकडे बघत होते. चिखलात उभं राहून राहून रुंद झालेली, भेगाळलेली पावलं, त्यांच्यासारखीच. मग खाली बसून त्यांनी पाटाची फळी वर ओढली. पहिलं गढूळ पाणी त्यांनी स्वतःच बाजूच्या ओघळीत काढून दिलं, निवळ आल्यावर आत घेतलं. आणि बांधीतून जिथून पाणी खाली पडतं त्या तोंडाशी ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या काळ्या केसांचा बोळा बसवला. राख त्यात अडकली आणि खाली बरंच स्वच्छ पाणी उतरलं. मामीला हे सुचलं नव्हतं. तिने तो बोळा हातात घेऊन उलटून पालटून पाहिला आणि मला म्हणाली, हे झाड आपल्याकडे कोणतं, ते शोधून ठेव.

एक बांधी, मग दुसरी. बघता बघता धुऱ्यांवर गाव जमलं. आणखी कपडे आले, त्यांचे कमरेला गुंडाळायचे जाड सुती सारोंग. लुगड्याची लांबी मात्र कुणाकडे नव्हती, रुंद बांधीला तेच लागायचं. काकू ओढता ओढता रोवणीचं गाणं म्हणायला लागली. पलीकडच्या टोकाला असलेल्या बाईला शब्द कळत नव्हते, पण पाऊल कुठे टाकायचं ते कळत होतं. मी धुऱ्यावर चपला हातात घेऊन उभी होते. इकडचं तिकडे सांगायचं कामही आता राहिलं नव्हतं, त्यांना माझी गरज पडत नव्हती.

तेव्हा फोन वाजला. नागपूरहून संस्थेतल्या मॅडमचा संदेश होता. वारा फिरला आहे, विमानतळ सुरू झाला, उद्या सकाळी तीन जागा मिळताहेत. पण गावातून आजच, उजेड असताना निघायला हवं. हो म्हणून कळवू का? पुढच्या जागांचं काही सांगता येत नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं. डोंगर केव्हा परत फुंकर घालेल, कोणाला माहीत.

मृग तोंडावर आला होता. सानगडीत मामीची स्वतःची पेरणी होती. काकूचा मुलगा रोज फोन करून आई कधी येते विचारत होता. आणि समोर, अगदी तळाशी, केतुतबाईंची बांधी अजून करडीच होती. तिच्या आधी आणखी एक उरली होती. केतुतबाई काही मागत नव्हत्या. त्या शेजाऱ्याच्या बांधीत, गुडघाभर पाण्यात, कापडाचं टोक धरून चालल्या होत्या.

मी उत्तर लिहिलं. आजवर मी कुणाला सरळ नाही म्हटलेलं नाही. मी 'बघते' म्हणते, 'कळवते' म्हणते. या वेळी लिहिलं, नाही, आम्ही आज निघत नाही, काम अर्धं आहे. पाठवलं, आणि मग जाऊन मामीला सांगितलं.

मामी थांबली. "आमाले इचारलं काहून नाही?"

"तुम्ही काय म्हणाला असतात?"

तिने ओल्या लुगड्याला पुन्हा पीळ दिला. काकूने धुऱ्यापलीकडून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग लुगड्याचं टोक माझ्यापुढे धरलं. "धर मंग हे. माह्या गुडघ्यात जीव नाही आता."

भंडाऱ्यात वाढलेली मी, मामाच्या शेतात कधी पाय घातला नव्हता. चिखल गार होता, आणि आत आत ओढत होता. कापड ओलं होऊन इतकं जड झालं होतं की पहिल्या पावलांना मीच त्याच्यामागे ओढली गेले. मामी पलीकडच्या धुऱ्यावरून ओरडत होती, की खाली दाब, वर नको उचलू, सरळ चाल, सरळ. केतुतबाईंची बांधी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खपली पहिल्या फेरीत सुटली नाही. पाणी थोडं मुरू दिलं, पुन्हा ओढलं. पुन्हा ओढलं. कडेची एक पट्टी पिवळी पडून गेली होती, ती गेलीच. बाकीच्या रोपांनी पाण्यातून डोकी वर काढली. केतुतबाई बांधीत मधोमध उभ्या होत्या आणि त्यांच्या भोवती हिरवा रंग पसरत गेला. त्या रडत होत्या की चेहऱ्यावर पाणी उडालं होतं ते मला माझ्या चरे पडलेल्या चष्म्यातून कळलं नाही. मामी कमरेवर हात ठेवून उभी होती, सानगडीत तलाव भरल्यावर काठावर उभी राहते तशीच.

परत

नव्या जागा मिळायच्या आतच, दोन दिवसांनी, डोंगराने पुन्हा राख उडवली आणि विमानतळ बंद झाला. आम्ही बस, बोट आणि परत बस करत शेजारच्या बेटावरून उडालो. बोटीत काकूला उलट्या झाल्या. तिने त्याचा दोष लाखोळीच्या वड्यांना दिला. घरी पोचलो तेव्हा मृग लागला होता आणि मामीची पेरणी भावकीने उरकून ठेवली होती. संस्थेने आम्हाला अहवाल मागितला. तो मी लिहिला, त्यात फोटो आहेत.

हिवाळ्यात धान कापून झाल्यावर सानगडीत महिला गटाची बैठक होती. मी सुट्टीत गेले होते. बायांनी काकूला विचारलं, एवढ्या दूर जाऊन पाह्यलं काय तुमी? समुद्र? देवळं?

"पाह्यलं कायचं," काकू म्हणाली. "बांध्या धुतल्या."

सगळ्या हसल्या. तेव्हा मामीने मला कादेकचा संदेश वाचायला सांगितला. तो आदल्याच दिवशी आला होता. लाल धान उशिरा, पण आलं. पहिला भात देवळात गेला, बियाणं कोठारात गेलं, आणि यंदा न्योमानकाकांनीही त्यातलं मूठभर मागून नेलं. मधे एकदा पुन्हा थोडी राख पडली होती. या वेळी लोक वाट न बघता सकाळीच कापडं घेऊन वरच्या बांधीपासून लागले. या कामाला त्यांच्या भाषेत शब्द नव्हता, कादेकने लिहिलं होतं. म्हणून गावात आता त्याला सानगडी म्हणतात. राख पडली की लोक एकमेकांना विचारतात, आज सानगडी आहे ना?

मी वाचून फोन खाली ठेवला. दाराजवळून कोणीतरी विचारलं, काय म्हणते ते, आयकू नाही आलं.

"उभी राह्यून वाच पोरी," मामी म्हणाली. "मांगच्यायले आयकू गेलं पायजे."

मी उभी राहिले आणि पहिल्यापासून वाचलं.